पाठमोरी गल्ली

“उर्मिलीला वर पाठवा. दुसऱ्या कुणाशी मला बोलायचं नाही,” एवढं बोलून त्यानं फोन आपटला.

मी रिसीव्हर तसाच कानाशी धरून समोर बघत राहिले. आम्ही घड्याळवाल्याच्या दुकानात उभे होतो. गल्लीपलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या वर, उर्मिला सोळसेचा शिवणक्लास. मधे फार तर पंधरा पावलं. वरच्या खिडकीला गज, गजांमागे फुलाफुलांचा पडदा, आणि त्या पडद्याआडून गल्लीभर पसरलेला पेट्रोलचा वास.

“काय म्हणतो?” भोईटेसाहेबांनी विचारलं.

“बायको पाहिजे म्हणतो.”

“मग द्या की बायको! ती काय आपल्या खिशात आहे? मागे बसलीय ना? दोन मिनिटं रडेल, पाया पडेल, हा खाली येईल. नवरा-बायकोचं भांडण आहे, धनवडे. अतिरेकी नाही तो.”

“साहेब, घरच्या माणसाला फोनवर घ्यायचं नसतं.”

“कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्याच जानेवारीत मी आठ दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते. माणसांना ओलीस धरणाऱ्याचं डोकं कसं चालतं, त्याच्याशी काय बोलायचं, काय बोलायचं नाही. परत आल्यापासून अख्खं ठाणं मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत होतं. सोनखांबसारख्या तालुक्याच्या गावात ओलीस कोण धरणार, असं म्हणून भोईटेसाहेबांनी माझ्या वह्या हसत हसत चाळल्या होत्या. ते ठाण्याचे निरीक्षक, मी त्यांच्या हाताखालची फौजदार. वर्ष दोन हजार चार, एप्रिलचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा.

अकराच्या सुमाराला दिगंबर सोळसे पेट्रोलचा कॅन आणि कोयता घेऊन क्लासचा जिना चढला होता. उर्मिला तीन महिन्यांपूर्वी त्याचं घर सोडून आईकडे राहायला गेली होती. तो तिलाच शोधत आला. ती मात्र पाचच मिनिटं आधी चेनी आणि अस्तर आणायला बाजारात गेली होती. आत तिघी होत्या. उर्मिलाच्या बरोबरीनं क्लास चालवणाऱ्या साठीच्या जुबेदाआपा, सातवा महिना लागलेली विजया नावाची विद्यार्थिनी, आणि उर्मिलाची धाकटी बहीण नंदा, वय बावीस. दिगंबरनं आतून कडी घातली आणि कापडाच्या ढिगावर अर्धा कॅन रिकामा केला.

उर्मिला आता दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. चेनींची पिशवी अजून तिच्या हातात होती. शेजारी तिची आई अनुसयाबाई उभी, आणि तिचं तोंड काही थांबत नव्हतं.

“जा गं. जा म्हणते ना. धर पाय त्याचे. तुझ्यापायी माझी नंदा आत हाय.”

“जाते,” उर्मिला उठली. “मॅडम, सोडा मला. त्याला मीच पाहिजे.”

“बसा,” मी म्हटलं. “मला एक सांगा. याआधी त्यानं असं काही केलंय?”

“मारलंय पुष्कळ.”

“मारण्याचं नाही विचारत. जाळणं, मोडणं, काही?”

ती पुन्हा स्टुलावर बसली. मग म्हणाली, “माझी सर्टिफिकिटं जाळली होती. शिवणाची, दहावीची, सगळी. मागल्या वर्षी.”

“तुम्ही घरी होतात?”

“नाही. मी माहेरी गेले होते, संध्याकाळी आले. तो दारात कागदांचा ढीग करून बसला होता. हातात काडेपेटी. शेजारचे म्हणाले, दुपारपास्नं तसाच बसलाय.” तिनं पदरानं ओठ पुसले. “मी आले, माझ्याकडे बघितलं, आणि मग काडी ओढली.”

“तुम्ही येईपर्यंत थांबला होता?”

“हां. थांबलाच होता.”

मी साहेबांकडे वळले. “साहेब, ऐकलंत? हा बायकोला बोलवतोय ते बोलायला नाही. तिनं बघावं म्हणून. ती येत नाही तोवर तो काडी ओढणार नाही.”

“आणि ओढली तर?”

“नाही ओढणार.”

“सहीनिशी लिहून द्याल?”

“देते.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांच्या वाटणीचं ओझं मीच आपणहून उचललं होतं. “ठीक आहे. उपअधीक्षक अडीच तासांत पोचतायत. तोवर हे तुमचं. आत काही झालं तर तेही तुमचं.” ते बाहेर गर्दी हटवायला गेले.

मी पुन्हा क्लासचा नंबर फिरवला. बारा-तेरा वेळा वाजल्यावर त्यानं उचलला.

“आली का?”

“दिगंबर, मी कुसुम धनवडे. सोनखांब पोलीस.”

“बाई? पोलिसांत गडी संपले का?”

“मीच आहे आता. विजयाला बसायला जागा आहे का आत?”

“कोण विजया?”

“निळ्या साडीतली. सातवा महिना आहे तिला.”

ज्यांना ओलीस धरलंय त्यांची नावं घेत राहायची, असं आम्हाला शिकवलं होतं. नाव नसलं की माणूस सामान होतो, आणि सामान जाळायला काही वाटत नाही.

“मला शिकवू नको,” तो म्हणाला. “उर्मिली कुठाय?”

“तुझं आणि तिचं काय झालं ते मला माहीत नाही. तू सांग, मी ऐकते.”

“ऐकते म्हणे! ठाण्यात आलो होतो तेव्हा कुणी ऐकलं? बायको पळाली म्हणून सांगायला आलो तर तुमचा तो हवालदार हसला. हसला माझ्या तोंडावर!”

“कोण हवालदार?”

“काय फरक पडतो? तुम्ही सगळे एकच.”

“हसला ते वाईट केलं त्यानं.”

“गोड बोलू नको, भवाने. मला कळतं सगळं.”

असं सव्वा तास चाललं. त्यानं मला दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. चार वेळा फोन आपटला, चार वेळा मी पुन्हा लावला. माझा आवाज मी मुद्दाम जड आणि संथ ठेवला होता, आणि आतून मला त्या माणसाची किळस येत होती. हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगत नाहीत. तुम्ही त्याचं दुःख समजून घेताय असं त्याला वाटलं पाहिजे, एवढंच सांगतात. मला त्याचं दुःख समजत होतं. त्यानं माझी किळस काही कमी होत नव्हती.

पावणेएकच्या सुमाराला त्यानं पाणी मागितलं.

“देते. पण जिन्यावर दार उघडावं लागेल. विजयाला बाहेर पाठव, ती पाणी आत सरकवेल आणि खाली येईल.”

“मला खुळा समजतेस?”

“नाही. तिला उलट्या होतायत ना? मला ऐकू येतंय. तुझं भांडण तिच्याशी नाही.”

बऱ्याच वेळानं वर कडी वाजली. हवालदार गव्हाणे पाण्याच्या दोन बाटल्या पायरीवर ठेवून मागे सरकला. विजया भिंतीला धरून उतरली, तोंड पांढरंफटक, साडीला पेट्रोलचा वास. तिला दवाखान्यात पाठवलं. भोईटेसाहेबांनी गव्हाणेला आणि आणखी दोन शिपायांना जिन्याच्या वळणावर दबा धरायला सांगितलं, ते मला न विचारता बरोबर केलं.

आत दोघी उरल्या. जुबेदाआपांचा आवाज मला फोनमागून ऐकू यायचा. “बेटा, खिडकी उघड, गुदमरतंय,” असं त्या त्याला पुन्हापुन्हा म्हणत होत्या. शेवटी त्यानं वैतागून पडदा ओढून काढला. नंदाचा आवाज मात्र एकदाही आला नव्हता.

मला वाटायला लागलं होतं की हे जमतंय. दीड वाजला होता. तो शिव्या कमी देत होता आणि बोलत जास्त होता. लग्नात सासरच्यांनी कसा अपमान केला, उर्मिला क्लास लागल्यापासून कशी वर मान करून चालायला लागली, गावातली माणसं त्याला ‘शिंपिणीचा नवरा’ कसं म्हणतात. मी हूं हूं करत होते. उर्मिला मागच्या खोलीत ऐकत होती.

आणि तेवढ्यात अनुसयाबाई तिथून सटकली.

माझ्या लक्षात आलं तेव्हा ती गल्लीच्या मधोमध पोचली होती. शिपायानं तिचा दंड धरला, तिनं तो हिसडला आणि वर तोंड करून ओरडली, “दिगंबरा! ती हितंच हाय! घड्याळाच्या दुकानात लपवलीय ह्यांनी! तिला घे आन् माझ्या नंदाला सोड!”

एका लेकीला वाचवायला तिनं दुसरी पुढे केली. तेव्हा मला तिचा संताप आला. आज येत नाही.

रिसीव्हर माझ्या कानाशीच होता. मग तो म्हणाला, “तिथंच आहे?”

खोटं बोलून आता काही उपयोग नव्हता. “आहे,” मी म्हटलं. “तिला केव्हाच वर यायचं होतं. मी अडवलंय.”

“तू?”

“मी. इथून पुढेही येऊ देणार नाही. राग काढायचाय तर माझ्यावर काढ.”

फोन आपटल्याचा आवाज आला आणि पुढच्या क्षणी तो खिडकीत दिसला. दोन तासांत मी त्याला पहिल्यांदा बघत होते. बारका, विरळ केसांचा, गळ्याशी बटणं लावलेला शर्ट. डाव्या हातानं त्यानं नंदाची वेणी धरून तिचं तोंड गजांना लावलं होतं. उजव्या हातात काडेपेटी. तिचा दुपट्टा पेट्रोलनं भिजून अंगाला चिकटला होता.

“उर्मिले! बाहेर ये! बघ तुझ्या बहिणीचं काय करतो ते! सगळे बघा रे, सगळे बघा!”

गर्दी हटवली होती तरी गल्लीत पोलीस, दुकानदार, गच्च्यांवरची माणसं मिळून चाळीस-पन्नास जण होते, आणि झाडून सगळे माना वर करून बघत होते. माझ्यामागे स्टूल पडलं. उर्मिला दाराकडे धावली, मी तिला दोन्ही हातांनी कवेत घेऊन मागे ढकललं, खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ती आतून दारावर मुठी आपटत होती.

मी गल्लीत आले.

“साहेब, सगळ्यांना पाठ फिरवायला सांगा.”

“काय?”

“पाठ. खिडकीकडे कुणी बघायचं नाही. त्याला बघणारी माणसं पाहिजेत. कुणी बघतच नसेल तर तो जाळेल कुणासाठी?”

“धनवडे, हे नाटक आहे का? पोरगी पेटेल तिथं!”

“बघत राहिलात तर नक्की पेटेल.”

तोपर्यंत त्यानं काडी बाहेर काढली होती. साहेबांच्या कपाळाची शीर मला दिसत होती. त्यांनी भोंगा तोंडाला लावला. “सगळ्यांनी पाठ फिरवा! गच्चीवरचे सुद्धा! जो वर बघेल त्याला आत टाकतो! फिरा!”

आधी पोलीस फिरले. मग दुकानदार. गच्चीवरचे हळूहळू खाली बसले. सगळ्यांत शेवटी मी फिरले. माझ्यासमोर घड्याळवाल्याचं दार आणि त्यामागून येणारे उर्मिलाचे ठोके, एवढंच होतं.

“ए! इकडे बघ!” वरून आवाज. “ए पोलिसीण! इकडे बघ म्हणतो ना!”

कुणी बघितलं नाही.

“पेटवतो! खरंच पेटवतो! बघा!”

एका मुलीचा आवाजही आला. त्याच्या ओरडण्यात मिसळून गेला. मी मान हलवली नाही.

तो किती वेळ ओरडत होता? नंतर चौकशीत मी चार मिनिटं सांगितली, साहेबांनी दोन. शिव्या, धमक्या, मग आवाज फाटला, मग तो रडल्यासारखा झाला. “बघा की रे कुणीतरी...” हे शब्द मी स्वतः ऐकले. तो गजांना चिकटून गल्लीकडे ओरडत असताना जुबेदाआपा भिंतीच्या कडेकडेनं दारापाशी पोचल्या आणि त्यांनी कडी काढली.

कडी वाजली. त्यानं मागे बघितलं, गव्हाणे आत शिरलेला दिसला, आणि त्यानं काडी ओढून कापडाच्या ढिगावर फेकली.

गव्हाणेनं त्याला आडवा पाडला. शिपायांनी नंदाला चादरीत गुंडाळून खाली आणलं. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बंबानं आग दहा मिनिटांत विझवली. तिघी जिवंत. दिगंबर जिवंत. नंदाचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात अनुसयाबाई माझ्यासमोर आली आणि माझ्या पायांपुढे थुंकली. “उर्मिलेला बोलू दिलं असतंस तर माझी पोर भाजली नसती,” ती म्हणाली. उर्मिला शेजारी होती. ती माझ्याशी काहीच बोलली नाही, ना तेव्हा, ना खटल्यात. दिगंबरला दहा वर्षांची शिक्षा लागली. भोईटेसाहेबांनी अहवालात माझी तारीफ केली, आणि त्याच अहवालात बायकोला पुढे करायचा तोंडी हुकूम मी मोडल्याचंही नमूद केलं. पुढे माझी बदली झाली, बढती झाली, आणि मग मला प्रशिक्षणालाच बोलवायला लागले.

मी सोळा वर्षं शिकवलं. दरवर्षी सोनखांबचं प्रकरण सांगितलं. पाठ फिरवण्याच्या जागी वर्ग हमखास शांत व्हायचा. शेवटी शेवटी ते एका पुस्तिकेत छापलं गेलं. मजकूर माझाच. आता निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली.

गेल्या डिसेंबरात, सकाळी दहाला, एक बाई माझ्या दारात आली. चाळिशीची, पंजाबी ड्रेस, मानेभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. उजव्या हाताची बोटं एकमेकांना धरून वाकलेली. मी ओळखायच्या आत तिनं सांगितलं.

“नंदा. सोनखांबची.”

मी तिला आत घेतलं. बस म्हटलं, ती बसली नाही. चहा म्हटलं, नको म्हणाली.

“माझं झेरॉक्सचं दुकान आहे,” ती म्हणाली. “मागल्या महिन्यात एक नवीन फौजदार आला, पुस्तिकेच्या पाच प्रती काढायला. पानं लावताना गावाचं नाव दिसलं. एक प्रत मी जास्त काढली.” तिनं डाव्या हातानं पर्समधून घडी घातलेले कागद काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. “चौदावं पान.”

मला ते पान पाठ होतं. तरी मी काढलं.

“वाचा. शेवटून तिसरी ओळ.”

“‘ओलीस तीन. तिन्ही सुरक्षित. एक किरकोळ जखमी.’”

“किरकोळ,” ती म्हणाली आणि हात टेबलावर ठेवला. “चार ऑपरेशनं झाली. सुई धरता येत नाही मला. क्लासमध्ये भरतकाम मी शिकवायचे, ते नाही लिहिलंत.”

मी पेन घेतलं आणि ‘किरकोळ’ खोडलं. पुढच्या छपाईत बदलायला सांगते, असं म्हटलं.

“अजून आहे. पाठ फिरवण्याचं अख्खं पान लिहिलंय तुम्ही. त्याला काय वाटत होतं, त्याच्या मनात काय चाललं होतं, सगळं. मी कुठे होते त्यात?”

“खिडकीत.”

“खिडकीत. तोंड गजांना लावलेलं. मला काय दिसत होतं, माहितीय? पाठी. सगळ्या गल्लीच्या पाठी. ओळखीच्या माणसांच्या. भांडीवाले काका, आमच्या शेजारचे, पोलीस. एकेक जण फिरत होता. सगळ्यांत शेवटी तुम्ही. मी तुम्हाला हाक मारली. ‘मॅडम, जाऊ नका’ म्हटलं. तुम्ही ऐकलंत का?”

“आवाज ऐकला. शब्द कळले नाहीत.”

“कळले असते तर?”

मी खोटं बोलणार नव्हते. “तरी मागे वळून बघितलं नसतं.”

“माहितीय मला,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात माफी नव्हती, रडणंही नव्हतं. “तुमचं चुकलं असं म्हणायला नाही आले. जगले, ते मला दिसतंय. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते शिकवता त्या पोरांना, तर हेही शिकवा. लिहा इथं. माझ्यासमोर.”

समासात जागा होती. मी चष्मा लावला आणि लिहायला लागले. ‘अशा वेळी आपल्याला सोडून दिलं आहे, असं ओलिसाला वाटू शकतं.’ लिहून कागद तिच्याकडे वळवला.

तिनं तो उभ्यानंच वाचला. मग वाकडं बोट त्या शेवटच्या शब्दांवर टेकवलं.

“‘वाटू शकतं’ काढा,” ती म्हणाली. “नुसतं वाटलं नव्हतं. मी बघत होते.”